टेक्सासची डुकरं आणि कुंपणाचं फाटक

अमेरिकेत डुक्कर मूळचं नाहीच. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदारानं ते फ्लोरिडात उतरवलं. पुढे वसाहतवाल्यांनी डुकरं मोकाट चरायला सोडली आणि त्यांतली कित्येक रानटी झाली. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये शिकारीच्या हौसेसाठी युरोपातलं रानडुक्कर आणलं गेलं, दोघांचा संकर झाला. आज त्या एका राज्यात वीस लाखांहून जास्त डुकरं असावीत, असा अंदाज आहे.

मग शिकारी कमी पडतात का? तसं नाही. २०११ च्या कायद्यानं हौशी शिकाऱ्यांनाही हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा मिळाली. २०१९ मध्ये खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला परवान्याची अटही गेली. अडतं ते फाटकापाशी. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे. मालकाच्या होकाराशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आणि बरेच मालक शिकाऱ्याला आत सोडायचे पैसे घेतात. म्हणजे बघा, एकाचा मका उद्ध्वस्त करणारं जनावर शेजाऱ्याचं उत्पन्न ठरतं!

मिसूरी राज्यानं उलटी वाट धरली. २०१६ मध्ये तिथल्या संवर्धन खात्यानं आपल्या जमिनींवर डुकराच्या शिकारीलाच बंदी घातली. कारण गोळी झाडली की एखाददुसरं मरतं, बाकीचा कळप पांगतो. शिवाय शिकार मिळत राहावी म्हणून डुकरं नव्या जागी नेऊन सोडणारेही होते. खातं अख्खा कळप सापळ्यात धरतं.

ज्या हौसेनं रानडुक्कर आणलं, तिच्याच हाती ते संपवायचं काम दिलं, तर ते संपेल कसं?