तीनशे पंधरा बोअरची साक्ष

पैठण रस्त्यावरच्या आमच्या बिडकीनमध्ये बाजाराच्या दिवशी उभे राहिले, की बुलेटचा आवाज कानावर पडतोच. तिच्या टाकीवर 'रॉयल एनफिल्ड' लिहिलेले असते. आमच्या पिढीने शाळेला जाताना जी सायकल मारली, तिच्यावर 'बीएसए' अशी अक्षरे असत. ही दोन्ही नावे मुळात बंदुकीच्या कारखान्यांतून आली आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? एनफिल्ड हे लंडनजवळचे गाव. तिथे ब्रिटिश सरकारचा रायफलींचा कारखाना होता. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या मंडळींनी १८९३च्या सुमारास आपल्या सायकलींना 'रॉयल एनफिल्ड' हे नाव दिले. बीएसए म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. १८६१ साली तिथल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचे बोधचिन्ह.

एनफिल्डच्या बंदुकीशी तर आपले जुने वैर. १८५७च्या उठावाआधी ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पसरला, ती काडतुसे एनफिल्ड बंदुकीचीच. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. त्याची आठवण क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याने जपली आहे.

ती बंदूक ठासणीची होती. तोंडातून दारू आणि गोळी भरायची आणि गजाने ठासायची. बोल्टची रायफल नंतर आली. दाराला कडी असते तसा हिचा बोल्ट. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस आत जाते आणि कडी बसते. जर्मनीच्या माउझर बंधूंनी ही रचना नावारूपाला आणली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने तिला खालून बसवायच्या पेटीची जोड दिली. १८९५ साली ब्रिटिश फौजेने लीची रचना आणि एनफिल्डची नळी एकत्र केली. हीच ती 'ली-एनफिल्ड', आपल्या बोलण्यातली 'थ्री नॉट थ्री'.

१८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले होते. ज्यांना परवाना मिळे, त्यांनाही लष्करी मापाची .३०३ रायफल बाळगता येत नसे. फौजेची काडतुसे बाहेर फुटतील, अशी सरकारला धास्ती होती. मग व्यापाऱ्यांनी वाट काढली. रचना तीच लीची, पण काडतूस निराळे, ऑस्ट्रियातल्या मॅनलिखर रायफलीच्या घराण्यातले. त्याचे माप .३१५ इंच, म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर. फौजेची गोळी हिच्यात बसत नाही आणि हिची गोळी फौजेच्या रायफलीत बसत नाही. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने हीच .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली. तिच्या काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे दिसतात. ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. राजेरजवाड्यांच्या विलायती दुनळी रायफलींपुढे ही अगदी साधी, स्वस्त आणि कामाची वस्तू.

आपल्याकडे शिकारीचा इतिहास म्हटला, की डोळ्यांपुढे येतात ते संस्थानिक. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या वाघांच्या शिकारीच्या कथा हैदराबाद संस्थानात घरोघर सांगितल्या जात. पण सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान गेले, पुढे १९५९चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि परवाना खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचला. त्याच्या हातातल्या हत्याराचा इतिहास कुणी लिहिला नाही. तो वाचायचा कसा, हे मला एका जुन्या रायफलीने दाखवले.

माझा एक जुना विद्यार्थी बिडकीन परिसरातला शेतकरी. वडील वारल्यावर त्याने त्यांची .३१५ रायफल रीतसर शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली होती. एक दिवस येऊन म्हणाला, "सर, दुकानदार म्हणतात पॉलिश करून देतो, चांगलं गिऱ्हाईक येईल. मोडीत तरी काढावी नाहीतर विकावी. घरात नको." थोडे थांबून पुढे म्हणाला, "गावात अजून बोलतात, की बाबा बंदी आल्यावरही चोरून काळवीट मारायचे. मला ते ऐकवत नाही. तुम्ही एकदा बघता का?"

बंदी म्हणजे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर छंदाची शिकार पूर्णच बंद झाली. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरांबाबत वनाधिकारी परवानगी देऊ शकतात, पण ती लेखी आणि अटींसह. तेव्हा मुलाच्या मनातला प्रश्न साधा नव्हता. वडिलांची अब्रू त्यात गुंतली होती.

आम्ही दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी बोल्ट उघडून, पेटी काढून, आत करंगळी घालून रायफल रिकामी असल्याची खात्री केली. कितीही ओळखीची बंदूक असो, पहिले काम हेच. मग परवान्याची वही आणि रायफलीवरचा नंबर ताडून पाहिला. बोल्टवरचा नंबरही तोच निघाला. लीच्या रायफलीत हे महत्त्वाचे. बोल्ट ज्या रायफलीसाठी बसवलेला असतो तिलाच तो नीट लागतो. दुसऱ्या रायफलीचा घातला तर काडतुसामागची फट कमी-जास्त होते. ती जास्त झाली, तर काडतूस फाटून गरम वायू मागे, डोळ्यांकडे येऊ शकतो. मिस्त्रींनी ती फट मापकाने तपासली. बरोबर भरली.

नंतर त्यांनी नळी उजेडाकडे धरली. रायफलीच्या नळीत आतून पीळ घेत जाणाऱ्या खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळ्या फार झाडल्या, की काडतूस बसते त्या बाजूच्या खाचा आधी बोथट होतात. इथे त्या धारदार होत्या. मात्र तोंडापासून बोटभर आत गंजाचे काळे कडे होते. मिस्त्री म्हणाले, "चिंधीचा बोळा. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून लोक तोंडात कोंबतात. बोळा ओल धरतो आणि तिथंच नळी खातो."

आता बाहेरून. दस्त्याचे लाकूड मुठीपाशी आणि गालापाशी काळेभोर, गुळगुळीत झाले होते. तळाच्या पत्र्याच्या कडा घासल्या होत्या. मूळ पट्टा जाऊन त्या जागी बैलाच्या साजाचे चामडे शिवलेले. बोल्टची मूठ मात्र जवळजवळ नवी. जुन्या रायफली पाहणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे. लाकूड झिजलेले आणि नळी शाबूत असेल, तर ती वागवली खूप आणि झाडली कमी. लाकूड चकचकीत आणि नळी गेलेली असेल, तर उलटे समजावे.

मग वही. परवानाधारकाने घेतलेल्या काडतुसांची नोंद परवान्यावर होते. वीस वर्षांत एकूण दहा काडतुसे घेतलेली. रायफलीबरोबर जमा झाली सहा. हिशेब चारचा उरला.

घरी जाऊन आम्ही त्याच्या आईला विचारले. त्या म्हणाल्या, "ज्वारी निसवली की रातभर माळ्यावर बसायचे. डुकरं आली की वर तोंड करून एक बार काढायचे. पुढं पुढं तर नुसती गोफण आणि पत्र्याचा डबा. गोळीला पैसा लागतो." चोरून आणलेले काडतूस वहीत चढत नाही, हे मला मान्य आहे. चार गोळ्या नेमक्या कुठे गेल्या हे रायफल सांगत नाही. पण वर्षानुवर्षे शिकार करणाऱ्याची नळी अशी राहत नाही, आणि वही, नळी, दस्ता, आईचे बोलणे या चार साक्षी एकाच दिशेने जात होत्या. मुलाने बराच वेळ काही म्हटले नाही. नंतर एवढेच विचारले, "मग पॉलिश नको ना?"

नकोच. फिरत्या चाकावर घासून नवा निळा-काळा रंग चढवला, की शिक्क्यांच्या कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात. नंबर पुसला गेला तर प्रकरण कायद्याचे होते. ओळखचिन्ह खोडणे हा १९५९च्या कायद्याने गुन्हा आहे. नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो आणि दुरुस्तीचे काम परवानाधारकाकडेच द्यावे लागते. पॉलिशने लाकडाचा काळा डागही गेला असता, म्हणजे त्या माणसाच्या जागरणाचा पुरावाच गेला असता.

मिस्त्रींनी जे केले ते थोडके होते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. लाल, भुरभुरणारा गंज तेलात भिजवून मऊ चिंधीने काढला. घट्ट बसलेला तपकिरी थर तसाच ठेवला, कारण तो आता पुढे पसरत नाही. नळीतून आधी उकळते पाणी काढले. जुन्या काडतुसांच्या टोपीतली रसायने क्षार मागे ठेवतात, ते हवेतली ओल ओढतात आणि फक्त तेलाने जात नाहीत. मग नळी कोरडी करून तेलाची चिंधी फिरवली. मुठीजवळची चीर सरसाने बंद केली. लाकडाला जवसाचे तेल तळहाताने, अगदी पातळ, अनेक दिवस एकेक हात. हे तेल आपल्याच मराठवाड्याच्या मातीतले. विलायती फौजाही रायफलींच्या दस्त्यांना तेच चोळत. चामड्याचा पट्टा तसाच राहिला.

मुलाने वारसा हक्काने परवान्यासाठी अर्ज केला आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि वारशाच्या हत्यारालाही ही मर्यादा लागू आहे. त्याच्याकडे दुसरे काही नाही. निकाल लागेपर्यंत रायफल दुकानातच आहे.

ज्या रानात त्याचे वडील माळ्यावर बसत, त्या भागात आता शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते झाले आहेत. राखण करायला तिथे ज्वारी उरलेली नाही. जमिनीचा नकाशा बदलला, की तिच्यावर राबलेल्या माणसांचे पुरावे लहानसहान वस्तूंत तेवढे राहतात. तुमच्या घरी वडिलार्जित बंदूक असेल, तर ती आधी कायद्याप्रमाणे योग्य ठिकाणी ठेवा. पण विकण्याआधी, मोडीत देण्याआधी आणि मुख्य म्हणजे चमकवण्याआधी तिच्या परवान्याची जुनी वही शोधा, आणि घरातल्या वयस्क बाईंना शेजारी बसवून विचारा, की रात्री ही कोण, कशासाठी घेऊन जात होते.