बाद मत आणि जालहळ्ळीचं यंत्र

१९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना बंगळुरूच्या जालहळ्ळीत आहे. मी याच भागात राहतो आणि नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांचे वर्ग घेतो. वय विचारलं तर कुणी ‘बारा’ असं अक्षरी टाइप करतं, कुणी उणे पाच, आणि प्रोग्रॅम जागीच झोपतो. आलेली माहिती आधी तपासून घेण्याचा धडा आला की मी मतदानाचा इतिहास काढतो.

कागदी मतपत्रिकेवर मतदाराला रान मोकळं होतं. दोन उमेदवारांसमोर शिक्के मारा, मागच्या बाजूला मारा, खाली सही करा. चूक उघडी पडायची ती मोजणीच्या टेबलावर, मतदार घरी गेल्यावर. १९६१च्या निवडणूक नियमांत पत्रिका कधी बाद करायची ते दिलेलं आहे. पण शिक्का पुसट आहे किंवा एकाच नावासमोर दोनदा उमटलाय, एवढ्यावरून, कौल स्पष्ट असताना, ती फेकायची नाही असंही सांगितलेलं आहे. शिक्क्याच्या बाणफुलीची टोकंही एकाच दिशेला वळलेली. घडीत ओली शाई दुसऱ्या नावासमोर उमटली तर ठसा उलटा दिसतो, आणि खरा कुठला ते कळतं. ज्याने ही फुली आखली त्याला मी दंडवत घालतो.

मतदान यंत्राने हा सगळा व्याप दारातच अडवला. मतदान अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरचं बटण दाबेपर्यंत मतदारासमोरचं युनिट ढिम्म. मग पहिलं बटण दाबलं की लाल दिवा, लांब बीप आणि कुलूप. पुढे कितीही दाबा. एका युनिटवर १६ बटणं, उमेदवार नऊ असतील तर उरलेली झाकलेली. १९८२ साली केरळातल्या परूरमध्ये ५० केंद्रांवर यंत्रं लागली, पण कायद्यात तरतूदच नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये ते मतदान रद्द केलं. १९८९मध्ये तरतूद आली, १९९८ला १६ विधानसभा मतदारसंघ झाले आणि २००४ला अख्खी लोकसभा. यंत्रं बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल यांची.

पण बाद मतं सगळी अडाण्यांचीच असत, असं थोडंच आहे? काहीजण रागाने मुद्दाम कोरी पत्रिका टाकत. यंत्राने त्यांची वाटच बंद केली. मत द्यायचं नसेल तर तशी नोंद रजिस्टरमध्ये होई, म्हणजे गुप्तता गेली. २०१३मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ‘नोटा’चं बटण आलं, तेव्हा कुठे हा नकार यंत्राला मान्य झाला. मुलांना मी हेच बजावतो: चुकीचं ठरवण्याआधी समोरच्याला काय म्हणायचंय ते बघा.

गंमत म्हणजे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात अजून कागदच आहे, आणि शिकलेल्यांची मतं तिथे बाद होतात. तुम्ही तिथले मतदार असाल तर केंद्रावर दिलेल्याच पेनाने पसंतीचा १ अंकात लिहा. ‘एक’ असं अक्षरी लिहू नका, बरोबरची खूण नको आणि सही तर मुळीच नको.