रोड बाईकला ट्यूबलेस टायर घ्यावेत का? कोकणातल्या रस्त्यांवर कोणते टायर चालतात आणि निवडताना काय बघायचं?

समजा, तुम्ही पहाटे पाचला रत्नागिरीहून सायकलवर निघालात. हातखंबा, पाली, नाणीज करत साखरपा गाठलंत. आता समोर आंबा घाट आहे. चढ अर्धा झाला आणि मागच्या चाकातून 'फुस्स' असा आवाज आला. आजूबाजूला झाडी, एक वळण आणि एखादा ट्रक. पंक्चरचं दुकान नाही. असलं तरी तिथे मोटरसायकलची पंक्चर निघते, तुमच्या 28 मिलिमीटरच्या निमुळत्या टायरची ट्यूब काही मिळणार नाही.

अशा वेळी सोबतचा मित्र हमखास म्हणतो, "ट्यूबलेस का टाकत नाहीस?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र 'टाक' किंवा 'नको टाकू' इतकं सोपं नाही. म्हणूनच आज समजून घेऊया की रोड बाईकचे ट्यूबलेस टायर म्हणजे काय, ते कोणासाठी आहेत आणि कोकणातल्या रस्त्यांसाठी निवडायचे कसे.

(रोड बाईक म्हणजे इथे मोटरसायकल नाही. खाली वळलेलं हँडल आणि अरुंद टायर असलेली, डांबरी रस्त्यावर वेगात चालणारी सायकल.)

मोटरसायकलचा ट्यूबलेस आणि सायकलचा ट्यूबलेस, फरक काय?

स्कूटरला खिळा लागला तर आपण निवांत दुकानापर्यंत जातो. दुकानदार भोकात रबरी पट्टी खुपसतो, वरचा तुकडा कापतो आणि पाच मिनिटांत काम होतं. त्यामुळे ट्यूबलेस म्हटलं की आपल्याला तेच आठवतं.

सायकलचा टायर खूप पातळ असतो. तो एकटा हवा पूर्णपणे धरून ठेवू शकत नाही, म्हणून त्याच्या आत सीलंट नावाचं पातळ, दुधासारखं द्रव घालतात. बहुतेक सीलंटमध्ये लेटेक्स असतं. चाक फिरताना हे द्रव टायरला आतून लागत राहतं. काटा घुसला की हवेबरोबर ते भोकाकडे धावतं, तिथे घट्ट होतं आणि भोक बुजतं. अनेकदा घरी येऊन टायरवरचा पांढरा डाग दिसल्यावरच कळतं की वाटेत पंक्चर झाली होती.

म्हणजे सायकलचा ट्यूबलेस म्हणजे फक्त टायर बदलणं नाही. त्यात पाच गोष्टी लागतात: ट्यूबलेससाठी बनवलेला टायर, तशीच रिम, रिमच्या आत लावायची हवाबंद टेप, ट्यूबलेस व्हॉल्व्ह आणि सीलंट. यातली एक जरी चुकली, तरी सकाळी टायर बसलेला मिळतो.

हे आलं कुठून?

सायकलमध्ये ट्यूबलेस आधी डोंगरात चालणाऱ्या माउंटन बाईकवर रुळलं. फ्रान्सच्या माविक कंपनीची यूएसटी पद्धत 1999 च्या सुमाराची. रोड बाईकसाठी शिमानो आणि हचिन्सन या कंपन्यांनी 2006 मध्ये सुरुवात केली. पण रोड बाईकवाले बरीच वर्षं बिचकत होते. टायर अरुंद, हवा 100 पीएसआयच्या आसपास आणि एवढ्या दाबाला सीलंट भोकात टिकायच्या आधीच बाहेर उडायचं.

खरा बदल झाला तो टायर रुंद झाल्यामुळे. पूर्वी शर्यतीत 23 मिलिमीटरचे टायर असायचे, आता 28 मिलिमीटर सर्रास दिसतात. टायर रुंद झाला की हवा कमी लागते. दाब कमी असला की सीलंटला भोक बुजवायला वेळ मिळतो. ट्यूबलेस आणि रुंद टायर यांची जोडी जमली ती अशी.

कोकणात याचा फायदा किती?

रत्नागिरीतून सायकल काढली की रस्ते मोजकेच. आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे आणि पुढे जयगड, भाट्ये पुलावरून पावस, हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग, नाहीतर कोल्हापूरचा रस्ता. या सगळ्या रस्त्यांवर पंक्चरची कारणं साधारण चार आहेत.

पहिलं, काटे. करवंदीच्या जाळ्या, कुंपणाच्या फांद्या, साफसफाईनंतर कडेला पडलेला पाला. हे ट्यूबलेसचं सर्वात सोपं गिऱ्हाईक. काट्याचं भोक लहान असतं आणि सीलंट ते सहज बुजवतं.

दुसरं, बारीक तार. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे महामार्गाच्या कडेला पडून राहतात. सायकल नेमकी तिथूनच चालते. हेही भोक लहानच, इथेही ट्यूबलेस जिंकतो.

तिसरं, खड्डा. ट्यूबचा टायर खड्ड्याच्या कडेवर आदळला की ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर हा प्रकार होत नाही. अर्थात खड्डा मोठा असेल तर रिम वाकणं आणि टायर फाटणं कोणीच टाळू शकत नाही.

चौथं, काच आणि जांभ्या दगडाची किंवा खडीची धारदार कपची. इथे टायरला भोक पडत नाही, चीर पडते. चीर काही मिलिमीटरहून मोठी असेल तर सीलंट हात टेकतं. शिवाय पाण्यामुळे ओलं रबर लवकर कापलं जातं, त्यामुळे पावसाळ्यात चिरा जास्त पडतात. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, चारपैकी तीन कारणांवर ट्यूबलेस चांगला इलाज आहे. 200 किलोमीटरची ब्रेव्हे करणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिथे साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि स्वतःची दुरुस्ती स्वतःच करायची असते. घाटात अंधारात ट्यूब बदलण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण सीलंट वाळण्यात आहे. बाटलीतलं सीलंट टिकतं, टायरमधलं दोन ते सहा महिन्यांत घट्ट होतं. उन्हाळ्यात आणखी लवकर. आणि वाळलेलं सीलंट काहीच कामाचं नसतं. म्हणजे तुम्ही ट्यूबलेसच्या भरवशावर निघता आणि आत फक्त रबराची साल चिकटलेली असते.

कोकणात यात एक खास भर पडते. अनेक जण जूनमध्ये सायकल पडवीत टेकवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर काढतात. तेवढ्या महिन्यांत सीलंट खाली एका जागी साचून गोळा होतं. त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या पहिल्या राईडआधी टायर उघडून बघणं सक्तीचं समजा. मधल्या काळात आठवड्यातून एकदा चाक फिरवून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

दुसरी अडचण सामानाची. सीलंट, टेप, व्हॉल्व्ह या गोष्टी छोट्या शहरात सहज मिळतीलच असं नाही. बऱ्याचदा ऑनलाइन किंवा पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांतून मागवाव्या लागतात. टायरबरोबरच जास्तीचं सीलंट आणि टेप मागवून ठेवा.

टायर निवडताना या क्रमाने बघा

1. आधी रिम, मग टायर. रिमवर किंवा कंपनीच्या माहितीत 'ट्यूबलेस रेडी' असं लिहिलेलं आहे का ते बघा. साध्या रिमला टेप लावून जुगाड करू नका. टायरची कड रिममधून सुटली तर उतारावर पुढचं चाक क्षणात रिकामं होतं. आंबा घाट उतरताना तो धोका पत्करण्यासारखा नाही.

2. रिम हुकची की हुकलेस? काही रिमच्या कडेला आत वळलेला ओठ असतो, त्यात टायर अडकतो. काही नव्या रिमला तो ओठ नसतो, तिला हुकलेस म्हणतात. हुकलेस रिमवर फक्त 'हुकलेस चालेल' असं कंपनीने स्पष्ट सांगितलेला ट्यूबलेस टायरच लावायचा, तोही किमान 28 मिलिमीटरचा, आणि हवा 5 बार म्हणजे साधारण 72 पीएसआयच्या वर भरायची नाही. 2024 मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंट पडला, तेव्हा त्याचा टायर हुकलेस रिमवरून निघाला होता. त्यानंतर शर्यतींमध्ये अशा रिम वापराव्यात का, यावर जगभर वाद झाला. व्यावसायिक संघांना जो प्रश्न पडतो, तो आपण दुकानात विचारायला लाजायचं कारण नाही.

3. रुंदी. टायरवर 700x28 किंवा 28-622 असे आकडे असतात. त्यातला 28 म्हणजे रुंदी. कोकणातल्या रस्त्यांसाठी 28 ही खालची मर्यादा धरा. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर 30 किंवा 32 घ्या. वजन 85-90 किलोच्या पुढे असेल तर 32 जास्त शहाणपणाचा, कारण कमी हवेतही तो रिमला टेकत नाही. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत अनेकदा 28 च्या वर बसतच नाही, म्हणून आधी मोजा.

4. टायरचा प्रकार. एकाच कंपनीचे शर्यतीचे आणि बारमाही असे वेगवेगळे टायर असतात. शर्यतीचा टायर हलका, वेगवान आणि पातळ. बारमाही टायर थोडा जड, पण मधल्या भागात जाड आणि चिरांना जास्त दाद न देणारा. आपल्या रस्त्यांसाठी दुसरा. 20-30 ग्रॅम वाचवून घाटात उभं राहण्यात अर्थ नाही.

5. नावातली अक्षरं नीट वाचा. कॉन्टिनेन्टलच्या ग्रँड प्री 5000 चंच उदाहरण घ्या. साधा 5000 हा ट्यूबचा. 2018 मध्ये आलेला 5000 टीएल हा ट्यूबलेस, पण हुकलेस रिमसाठी नाही. 2021 चा 5000 एस टीआर हुकलेसवरही चालतो. नाव जवळपास तेच, काम वेगळं. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलण्याआधी हे तपासा.

हवा किती भरायची?

70 किलोच्या आसपास वजन असेल तर 28 मिलिमीटरच्या ट्यूबलेसला 60 ते 70 पीएसआय, 32 ला 50 ते 60 ही सुरुवात ठीक आहे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. टायर दगडासारखा कडक झाला म्हणजे सायकल पळते, हा जुना समज आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि तुमचीच ताकद वाया घालवतो.

पहिल्यांदा बसवताना

नवीन टायरची कड रिममध्ये बसवायला एकदम भरपूर हवा लागते. साध्या पंपाने कधी कधी ते जमत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे छोटा पितळी ॲडॉप्टर. रोड बाईकचा बारीक व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीत बसत नाही, या ॲडॉप्टरने बसतो. हवा थोडी थोडी आणि दाबाकडे लक्ष ठेवून भरा. 'फट् फट्' असे आवाज आले की कड जागेवर बसली. मग व्हॉल्व्हमधली सुई काढून प्रत्येक टायरमध्ये 40 ते 60 मिलिलिटर सीलंट सोडा, हवा भरा आणि चाक सगळ्या बाजूंनी फिरवा. पहिल्या रात्री थोडी हवा कमी होऊ शकते, घाबरू नका. पण पहिली राईड घराजवळच करा.

ट्यूबलेस असला तरी हे सोबत हवंच

एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, छोट्या रबरी पट्ट्यांचा प्लग संच आणि तो पितळी ॲडॉप्टर.

भोक बुजत नसेल तर ते खालच्या बाजूला आणून थोडं थांबा, म्हणजे सीलंट तिथे जमा होईल. नाही जमलं तर प्लग लावा. तेही नाही जमलं तर ट्यूब टाका. पण ट्यूब टाकण्याआधी टायर आतून जपून चाचपा. ट्यूबलेसमध्ये जुने काटे आत रुतून बसलेले असतात, सीलंटमुळे ते तुम्हाला जाणवलेलेच नसतात. न काढता ट्यूब टाकली तर दोन मिनिटांत तीही जाईल.

मग घ्यायचा की नाही?

आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवत असाल, घाट आणि ब्रेव्हे करत असाल, रिम ट्यूबलेस असेल आणि दोन-तीन महिन्यांनी सीलंट तपासायची तयारी असेल, तर जरूर घ्या.

महिन्यातून दोन रविवार पावसला जाऊन येत असाल किंवा सायकल चार महिने बंद राहत असेल, तर चांगला जाड बारमाही टायर आणि साधी ट्यूब हीच जोडी बरी. दोन जादा ट्यूब पिशवीत ठेवा आणि एका संध्याकाळी घरीच ट्यूब बदलायचा सराव करा. तो सराव ट्यूबलेसवाल्यांनाही लागतोच, कारण घाटात सीलंट हरलं की शेवटी ट्यूबच घरी आणते.