फुप्फुसांची सोनोग्राफी

फुप्फुसांची सोनोग्राफी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने फुप्फुसे व त्यांभोवतीचे आवरण तपासण्याची वैद्यकीय पद्धत आहे. न्यूमोनिया, फुप्फुसशोफ तसेच छातीत हवा किंवा द्रव साचणे अशा गंभीर विकारांचे निदान या पद्धतीने रुग्णाच्या खाटेजवळच काही मिनिटांत करता येते. तीत क्ष-किरण वापरले जात नाहीत.

तत्त्व

हवा श्राव्यातीत लहरी जवळजवळ पूर्णपणे परावर्तित करते. त्यामुळे निरोगी फुप्फुसाची अंतर्रचना पडद्यावर दिसत नाही आणि ही तपासणी फुप्फुसांसाठी दीर्घकाळ निरुपयोगी समजली गेली. फ्रेंच अतिदक्षता-तज्ज्ञ डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी पडद्यावर उमटणाऱ्या आभासी रेषांचाच निदानासाठी उपयोग केला. तीव्र श्वसनविकाराच्या २६० रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेली त्यांची 'ब्लू प्रोटोकॉल' ही कार्यपद्धती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ९०.५ टक्के निदाने अचूक ठरली.

प्रमुख चिन्हे

• निरोगी फुप्फुस : श्वासागणिक आवरणाचे थर एकमेकांवर सरकतात, खाली आडव्या 'ए-रेषा' दिसतात.
• फुप्फुसशोफ : छातीच्या दोन्ही बाजूंस अनेक उभ्या, ठळक 'बी-रेषा' दिसतात.
• न्यूमोनिया : बाधित भाग यकृतासारखा घट्ट दिसतो.
• आवरणात हवा : थरांचे सरकणे थांबते.
• आवरणात द्रव : काळा पट्टा दिसतो; द्रव काढण्यासाठी सुई टोचण्याची जागाही ठरवता येते.

मर्यादा

आवरणापर्यंत न पोहोचलेला खोलवरचा विकार दिसत नाही. 'बी-रेषा' फुप्फुसतंतुमयतेतही आढळतात. म्हणून रुग्णाची लक्षणे व इतर तपासण्या विचारात घ्याव्या लागतात. निष्कर्ष तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो.

कायदा आणि मराठवाडा

फुप्फुसांसाठी वापरला जाणारा वक्राकार प्रोब गर्भ पाहण्यासही चालतो. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये केला. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार सहज हलवता येणारे यंत्र नोंदणीकृत जागेतच दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येते.

मराठवाड्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठळकपणे दिसतात. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात (घाटी) आसपासच्या जिल्ह्यांतून गंभीर रुग्ण येतात. दम लागलेल्या रुग्णाला प्रवासापूर्वी, गावाजवळच ही तपासणी मिळणे मोलाचे ठरते. मात्र शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. त्यामुळे यंत्राची उपलब्धता वाढवणे आणि त्याचा गैरवापर रोखणे ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधावी लागतात.