बाजूने दिसणारा चेहरा

आपल्या चेहऱ्याची एक बाजू अशी असते की जी सर्वांना दिसते, फक्त आपल्याला दिसत नाही. आरशात आपण स्वतःला पाहतो ते समोरून. हनुवटीखाली साचलेली चरबी मात्र खऱ्या अर्थाने नजरेत भरते ती बाजूने पाहताना. त्यामुळे ज्याला आपण हल्ली सर्रास ‘डबल चिन’ म्हणतो त्याचा इतिहास लिहायचा झाल्यास तो चरबीचा इतिहास म्हणून लिहून भागणार नाही. चेहरा बाजूने कोणी, कोणाचा आणि कशासाठी पाहिला, याचा तो इतिहास होईल.

हा विचार सुचण्याचे निमित्त अगदी खासगी आहे. 2020 साली महाविद्यालये बंद असताना आम्हा अध्यापकांना घरून तास घ्यावे लागले. लॅपटॉपचा कॅमेरा चेहऱ्याच्या खालून आणि फार जवळून पाहतो, त्यामुळे गळा आहे त्याहून भरलेला दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझेच मुद्रित व्याख्यान मी ऐकायला बसले आणि ते संपेपर्यंत गळ्याखेरीज कशाकडेही लक्ष गेले नाही. पुढे तीनेक वर्षांनी, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, मी लायपोसक्शनची चौकशी करायला एका शल्यविशारदाकडे गेले. बोलणे सुरू होण्यापूर्वीच तेथील मदतनिसाने माझी छायाचित्रे घेतली: एक समोरून, एक बाजूने.

बाजूने चितारलेला चेहरा हा एके काळी राजांचा मान होता. रोमन सम्राट नीरो (कारकीर्द इ. स. 54 ते 68) याची नाणी कालक्रमाने मांडली तर कोवळ्या मुलाचा सडपातळ गळा हळूहळू जाड होत जातो आणि हनुवटीखाली मांस लोंबू लागते. टांकसाळ सम्राटाच्याच हुकमतीत होती. ते मांस लपवावे असे त्याला वाटले असते तर लपवता आले असते. ते लपवले गेले नाही, कारण भरलेला गळा हे समृद्धीचे चिन्ह होते. ‘खात्यापित्या घरचा’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोगही याच दृष्टीचा वारस आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतीय शिल्पांत बुद्धाच्या गळ्यावर तीन रेषा दिसतात आणि संस्कृत काव्यात ‘कंबुग्रीव’ हे विशेषण गौरवाने येते. त्यावरून आपल्या पूर्वजांना दुहेरी हनुवटी प्रिय होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या रेषा शंखासारख्या घाटदार गळ्याच्या आहेत, सैल मांसाच्या नव्हेत. वाल्मीकींनी रामाला ‘कंबुग्रीव’ म्हटले त्याच ठिकाणी ‘महाहनु’, म्हणजे भक्कम जबड्याचा, असेही म्हटले आहे. रेखीव जबड्याचे आकर्षण केवळ आजचे नव्हे.

आधुनिक काळात ही बाजू राजाकडून गुन्हेगाराकडे गेली. 1880 च्या दशकात पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियाँ याने आरोपींच्या छायाचित्रांची पद्धत घालून दिली: एक समोरून, एक बाजूने. सामान्य माणसाचा चेहरा बाजूने नोंदला जाऊ लागला तो असा, संशयाच्या नजरेतून. सौंदर्यशल्यविशारदाच्या दप्तरातही तीच जोडी असते. मदतनिसाने मला भिंतीकडे वळायला सांगितले तेव्हा मला याचीच आठवण झाली.

लायपोसक्शनचा इतिहासही पॅरिसला टाळून पुढे जात नाही. 1920 च्या दशकात तेथे शार्ल द्युजारिए या नामवंत शल्यविशारदाने एका तरुणीचे पाय बारीक दिसावेत म्हणून त्यांतील चरबी खरवडून काढली. परिणामी तिचा एक पाय कापावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले आणि केवळ रूपासाठी निरोगी अवयव धोक्यात घालण्याचा अधिकार वैद्याला आहे काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. पुढे सुमारे अर्धशतक ही वाट बंदच राहिली.

1970 च्या दशकाच्या मध्यास रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी चरबी शोषून काढण्याचे उपकरण तयार केले. 1977 मध्ये पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे एक तरुणी पाठीवरची चरबीची गाठ घेऊन आली. पाठ उघडी ठेवणारा पोशाख घालता यावा म्हणून तिला मोठा व्रण नको होता. इलूझ यांनी बोथट टोकाच्या नळीने ती चरबी ओढून घेतली. नळी बोथट असल्याने रक्तवाहिन्या व मज्जातंतू बऱ्याच अंशी वाचतात, हे त्यातले मर्म. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. भूल देणारे व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध भरपूर पातळ करून चरबीत भरायचे, म्हणजे रक्तस्राव कमी होतो आणि रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागत नाही. हनुवटीखाली एका बारीक छेदातून होणारी आजची शस्त्रक्रिया या दोन शोधांवर उभी आहे.

तात्पर्य, 1920 च्या दशकातला धोका आज पुष्कळ कमी झाला आहे, पण त्या वेळचा प्रश्न संपलेला नाही. माझ्या शल्यविशारदांनी हनुवटीखालची त्वचा चिमटीत धरून प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘बाई, यात चरबी निम्मीच आहे. उरलेली सैल त्वचा आहे. नळीने चरबी निघेल. वय निघणार नाही.’’ खालच्या ओठाला हालचाल देणारी एक नाजूक नस जवळूनच जाते, ती दुखावल्यास हसू काही काळ वाकडे होऊ शकते, हेही त्यांनी सांगितले. बोलण्यावरच पोट असलेल्या बाईने हे ऐकले की ती विचारात पडणारच.

मी अजून तारीख घेतलेली नाही. घेणारच नाही, असेही म्हणत नाही. ज्यांनी घेतली त्यांना हसणे तर दूरच. मात्र परवा फळ्यावर लिहिताना खिडकीकडच्या रांगेवर नजर गेली आणि ध्यानात आले, की त्या रांगेने मला वीस वर्षे बाजूनेच पाहिले आहे. त्यांच्यापैकी एका मुलीने हात वर केला होता. तिची शंका वृत्ताविषयी होती.