४१२ रुपये आणि सुप्याची होळी

दोन महिन्यांपूर्वी फ्लॅटसाठी कर्ज मागायला गेलो आणि पंधरा मिनिटांत परत आलो. कारण ४१२ रुपये. पहिल्या नोकरीत घेतलेलं एक क्रेडिट कार्ड मी तीन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. बंद केल्याची ईमेलही आहे माझ्याकडे. पण त्या बँकेच्या वहीत त्यानंतरची वार्षिक फी माझ्या नावावर चढली, दर महिन्याला 'थकीत' म्हणून पुढे गेली आणि शेवटी तिच्यावर 'राइट-ऑफ'चा शिक्का बसला. मला पत्ताच नाही. (घर बदललं, नंबर बदलला, कळवलं नाही. तेवढा गाढवपणा माझा.) लोन डेस्कवरची मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सर, स्कोअर कमी येतोय." स्क्रीन काही तिने माझ्याकडे वळवली नाही.

ती न वळवलेली स्क्रीन डोक्यातून जाईना. मग दोन वीकएंड इतिहास वाचण्यात गेले. सुरुवात झाली ती थेट आपल्या पुणे जिल्ह्यातून.

१२ मे १८७५. गाव सुपे. (बारामती तालुक्यातलं. नगर रस्त्यावरचं पारनेरचं सुपे वेगळं.) बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. काही ठिकाणी धान्य लुटलं, घरांना आगी लावल्या. पण लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं तेव्हाही बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती : कागद द्या. सावकाराने मुकाट्याने रोखे दिले तर त्याला सहसा हात लागत नव्हता. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' असा धडा दोन मार्कांसाठी वाचला, त्यात ही गोष्ट निसटून गेली होती. हा राग पैशापेक्षा कागदावर होता.

कारण कागद कसा वाढायचा ते बघा. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार उदार झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. वर जमिनीचा सारा वाढवलेला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा होता : कर्जरोखा तीनच वर्षं चालेल. हेतू चांगला, व्याज साचू नये हा. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि जुनं व्याज नव्या रोख्यात मुद्दल व्हायचं. (आमच्याकडे याला 'बग फिक्स करताना नवा बग' म्हणतात.) क्रेडिट कार्डाचा 'मिनिमम ड्यू' भरून निवांत झोपणाऱ्या माझ्या मित्रांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मुदत तीन वर्षांऐवजी एक महिना, एवढाच काय तो फरक. शेतकऱ्याने पैसे फेडले तरी पावती मिळेलच असं नाही. आणि रोख्यात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्याने कर्ज माफ केलं नाही. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला, गावपातळीवर दस्त नोंदवणारे अधिकारी आणले आणि पावती व हिशोबाचा उतारा मागायचा हक्क दिला. म्हणजे सुप्यात जे जाळून मागितलं होतं त्यातलं थोडं कायद्याने मिळालं : माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला दाखवा.

पण सुप्याची वही एका सावकाराची. शेजारच्या गावच्या सावकाराला ती दिसत नव्हती. सगळ्या देणेकऱ्यांनी मिळून एकच वही ठेवायची, ही कल्पना त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली होती. लुईस टॅपन हा रेशमाचा व्यापारी आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८३७ च्या मंदीत उधारी बुडून त्याची पेढी अडचणीत आली. १८४१ मध्ये त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे बातमीदार, त्यांतले बरेच वकील, स्थानिक व्यापाऱ्यांबद्दल लिहून पाठवायचे : मालमत्ता किती, दारू पितो का, माणूस सचोटीचा आहे का. ते भल्यामोठ्या वह्यांत उतरायचं आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना सांगितलं जायचं. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो सोडून सगळ्यांना! १८५१ मध्ये ओहायोतल्या बिअर्डस्ली नावाच्या व्यापाऱ्याचा एजन्सीवरचा खटला उभा राहिला, तेव्हा एजन्सीच्या बेंजामिन डग्लसने बातमीदारांची नावं सांगायला नकार दिला आणि तो तुरुंगात गेला. नाव मात्र फोडलं नाही. तसल्या अडीच हजारांवर वह्या आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत.

पुढचं भराभर सांगतो. १९५६ मध्ये बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी प्रत्येकी ४०० डॉलर घालून कंपनी काढली. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं चारित्र्य सोडा, आकडे बघा. १९७० मध्ये अमेरिकेत स्वतःची फाइल बघायचा हक्क कायद्याने मिळाला, १९७४ मध्ये बाई आहे म्हणून कर्ज नाकारणं बेकायदा झालं, १९८९ मध्ये सर्वसाधारण 'फायको' स्कोअर आला. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला, ३० टक्के किती कर्ज वापरताय त्याला. आपल्या सिबिलने नेमकं सूत्र उघड केलेलं नाही, पण चाल तीच. म्हणून तर लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहा, एका महिन्यात पाच बँकांकडे अर्ज टाकू नका, 'सेटलमेंट' करून बाकी माफ करून घेतली तर ते लिहिलं जातं, वगैरे सगळं.

सिबिल २००० साली मुंबईत स्थापन झाली. सुरुवातीच्या भागीदारांत स्टेट बँक आणि एचडीएफसीबरोबर डन अँड ब्रॅडस्ट्रीटही होती. हे 'डन' म्हणजे टॅपनच्याच एजन्सीचं पुढचं नाव. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो! २००५ च्या कायद्याने आपल्याला अहवाल मागायचा आणि चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क मिळाला आणि २०१७ पासून प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. संस्था चार आहेत. म्हणजे वर्षाला चार अहवाल. मी नोकरीला लागल्यापासून एकही मागवला नव्हता.

बाबांना सहअर्जदार करू म्हटलं, तर त्यांचा स्कोअर -१ आला. म्हणजे शून्याहून वाईट नाही, 'इतिहासच नाही'. चाळीस वर्षांत कुणाचा रुपया बुडवला नाही, कारण कुणाकडून घेतलाच नाही. टॅपनच्या बातमीदाराने त्यांच्याबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या असत्या. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता कर्ज काढू का, चांगला माणूस ठरायला?" उत्तर सुचलं नाही. त्यांच्या ठेवीवर एक छोटं कार्ड काढायचा अर्ज भरलाय.

माझं म्हणाल तर कार्ड बंद केल्याची ईमेल जोडून तक्रार टाकली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आज चौतिसावा दिवस. माझ्या हिशोबाने त्यांच्याकडे ४०० झाले. उद्या ४१२ च्या पुढे जातील.