मर्सेडिसची नाणी कोणाची?

वादळात सापडलेले परक्याचे जहाज किंवा त्यातला माल जो वाचवील, त्याला मोबदला मिळावा, असा सागरी कायद्याचा जुना नियम आहे. मोबदलाच नसेल तर जीव धोक्यात कोण घालील? पण दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजाला हा नियम लावता येईल का?

५ ऑक्टोबर १८०४ रोजी दक्षिण अमेरिकेहून परतणाऱ्या चार स्पॅनिश लढाऊ जहाजांना ब्रिटिश आरमाराने पोर्तुगालच्या दक्षिणेस अडवले. युद्ध जाहीर झालेले नव्हते. तरी लढाई झाली, ‘मर्सेडिस’ स्फोटाने फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली.

२००७ साली ओडिसी या अमेरिकी कंपनीने सुमारे ११०० मीटर खोलीवरून जवळजवळ ५ लाख ९४ हजार नाणी यंत्रांनी वर काढली, विमानाने फ्लोरिडाला नेली आणि तिथल्या न्यायालयात हक्क सांगितला. स्पेनचे म्हणणे, हे आमच्या आरमाराचे जहाज. आम्ही ते कधीच सोडून दिलेले नाही, आमच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येणार नाही. कंपनीचा युक्तिवाद असा, की बरीचशी नाणी खाजगी व्यापाऱ्यांची होती, म्हणजे ही फेरी व्यापारी होती. न्यायालयांनी स्पेनचे म्हणणे मान्य केले. जहाज आणि त्यातला माल वेगळा करता येत नाही, असे अपील न्यायालयाने २०११ साली ठरवले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाणी स्पेनला गेली.

पेरूनेही दावा केला होता. ही चांदी आमच्या भूमीतली, असे त्याचे म्हणणे. १८०४ साली पेरू स्पेनची वसाहत होता. दोन देशांमधला हा वाद सोडवणे आपले काम नाही, असे अमेरिकी न्यायालयाने म्हटले. तो प्रश्न तसाच राहिला.

मालकीइतकाच महत्त्वाचा प्रश्न माहितीचा आहे. कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी पडली होती, यावरून जहाज कसे भरले होते, कसे फुटले, हे समजते. वस्तू नोंदीविना उचलली की ती माहिती पुन्हा मिळत नाही. म्हणूनच २००१ च्या युनेस्को कराराने शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेले अवशेष शक्यतो जागीच जपावेत, त्यांचा व्यापार करू नये, असे म्हटले. हा करार २००९ पासून लागू आहे. पण तो सामील झालेल्या देशांनाच बांधतो, आणि अमेरिका व ब्रिटन त्यात नाहीत.

वर्गात विचारून पाहावे: ही नाणी स्पेनची, पेरूची, की शोधणाऱ्याची? मुले उत्तराबरोबर कारणेही देतील. इतिहासाच्या तासाला तीच हवी असतात.